वस्ती केव्हापासून

भाऊ जुनं घर उतरवून स्लॅबचं घर बांधतो आहे. त्याने मला बोलावलं ते हळहळायला नाही, अर्ज भरायला. मी अलिबागला कचेरीत कारकून आहे, पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज तपासते आहे, तेव्हा घरातला प्रत्येक कागद माझ्याकडे यायचाच. सकाळच्या गाडीने जायचं, अर्ज भरायचा, दुपारच्या गाडीने परत, असं ठरवून मी निघाले.

मला जुन्या वस्तूंचं वेड नाही. दोन वर्षं न लागलेलं भांडं मी मोडीत घालते. त्यामुळे कौलं उतरलेली, भिंती पाडलेल्या, चूल उघडी पडलेली पाहून मला काही झालं नाही. कुडांना वाळवी लागली होती, घर पाडायलाच हवं होतं. फक्त उंबरा जागेवर होता. भिंती नाहीत, दार नाही आणि मोकळ्यावर नुसता उंबरा. गवंड्याची माणसं खुशाल त्याच्या बाजूने ये-जा करत होती. मी मात्र त्याच्यासमोर चपला काढल्या, तो ओलांडला आणि आत गेले. गवंडी हातातली थापी थांबवून माझ्याकडे बघत राहिला.

आमचा उंबरा म्हणजे रेल्वेचा सिलिपाट, रुळांखाली आडवी घालतात ती लाकडाची तुळई. ऊन चढलं की त्याला अजून डांबराचा वास सुटतो. वाळवीने सगळं घर खाल्लं, पण उंबऱ्याला तोंड लावलं नाही.

भावाचं बिऱ्हाड तात्पुरतं शेजारी हललं आहे, पण आई हलायला तयार नाही. तिची खाट अंगणात शेवग्याखाली आहे. तिथेच ती मोड आलेले वाल सोलत बसली होती. मी खाटेवर टेकले आणि अर्ज उघडला. नाव, सर्व्हे नंबर, लांबी, रुंदी, सगळं भराभर झालं. मग एक रकाना आला : ‘सदर जागेवर वस्ती केव्हापासून आहे?’

माझं पेन थांबलं. ह्या शब्दाची आणि माझी जुनी ओळख आहे. अकरा वर्षांची असताना मी त्याचा चुकीचा अर्थ सांगितला होता आणि एकोणतीस घरांच्या तोंडचं पाणी पळायची वेळ आली होती. तोंडचं पाणी म्हणते ते खरोखरच्या पाण्याबद्दल.

लढाईच्या दिवसांत आमच्याकडे एक छोटी लाइन टाकली होती. डोंगरातल्या खाणीतून दगड भरायचा आणि खाडीच्या धक्क्यावर आणून मचव्यांत ओतायचा, एवढंच तिचं काम. माझे बाबा त्या इंजिनावर आगवाले होते. फावड्याने कोळसा मारायचे. संध्याकाळी घरी आले की दात तेवढे पांढरे दिसत आणि अंगाला गरम लोखंडाचा वास येई. आम्ही राहायचो खारातल्या, म्हणजे खाडीकाठच्या जमिनीतल्या पाड्यावर, धक्क्यापासून मैलभर. भरतीच्या वेळी वारा आमच्या बाजूला असला की शिट्टी ऐकू यायची आणि आई तांदळाच्या पिठाला आधण ठेवायची. इंजिनाच्या शिट्टीवर भाकऱ्या थापणारी त्या खाडीवरची ती एकटीच बाई असेल.

लढाई संपली. लाइनही संपली. रूळ उचलून मचव्यांत घातले आणि नेले. इंजिनाचे तुकडे करून तेही नेले. बाबा तो दिवसभर धक्क्यावर उभे होते. घरी आले तेव्हा त्यांचे हात स्वच्छ होते. आईने ते हात धरून उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाली, “आता तुमी पन मिठागरावर.” दुसऱ्या दिवसापासून बाबा मिठागरावर जाऊ लागले.

मागे उरला तो यार्ड. आम्ही त्याला ‘लाइन’च म्हणायचो. आम्हा पोरांना असं मैदान दुसरं नव्हतं. पाय टाकला की काळी राख भुस्स करून उडायची. खडीचे ढीग होते, सिलिपाटांच्या चळती होत्या, चार खांबांवर लोखंडी टाकी होती. तिच्यावर दगड मारला की देवळातल्या घंटेसारखा आवाज यायचा. आणि मधोमध होतं जातं. जातं म्हणजे इंजिन तोंड फिरवायचं ते गोल चाक, खड्ड्यात बसवलेलं. एका बाजूने इंजिन चढवायचं, माणसांनी खांदा लावून ढकलायचं, की त्याचं तोंड फिरायचं. ते एवढं जड होतं की कुणाला नेता आलं नाही. आम्ही वीस पोरं लागून ते फिरवायचो आणि उरलेली वर बसायची. ते असं कण्हायचं की कडेच्या बाभळीवरचे बगळे उठायचे.

आणि लाइनीवर विहीर होती. खाडीकाठच्या त्या सगळ्या टापूत गोड्या पाण्याची तेवढी एकच. बाबा म्हणायचे, माणूस मचूळ पाणी पिऊन जगतो, इंजिन जगत नाही. त्याच्या पोटात क्षार धरतात. म्हणून साहेबाने आधी गोडं पाणी शोधलं आणि मग यार्ड कुठे घालायचा ते ठरवलं. आमच्या पाड्यावर सात पिढ्यांत हे कुणाला सुचलं नव्हतं. बायका दोन मैल डोंगराच्या पायथ्याला जायच्या आणि दोन मैल हंडे डोक्यावर घेऊन परत यायच्या.

स्वातंत्र्याचा झेंडा लागला त्याच्या पुढच्या पावसात आमची खांड गेली. खाडी अडवायला घातलेला बांध फुटला की त्याला आमच्याकडे खांड जाणं म्हणतात. शेतं खारी झाली, पाडा चिखलात बसला. सरकारने लाइनीची जागा आखून एकोणतीस प्लॉट पाडले आणि एकोणतीस घरांना दिले. चुन्याच्या रेघा मारल्या, खुंट्या ठोकल्या. आखणाऱ्याने जातं तेवढं मोकळं सोडलं, खड्डा कोण भरत बसणार म्हणून. बाबांनी खुंटीवरचा आकडा पाहिला आणि हसत सुटले. म्हणाले, “अगं, माझं इंजिन उभं ऱ्हायचं त्याच जागेवर आलाव आपन.”

पण घर कोणी बांधलं नाही. मिठाचा हंगाम होता, बाप्ये-बाया सगळे मिठागरावर. पाऊस संपला की बघू, असं चाललं होतं. एप्रिल संपायला चार दिवस होते, तेव्हा शिपाई पाड्यावर येऊन एक कागद डकवून गेला.

पाड्यावर वाचता येणारी मी एकटी. मराठी चौथीत होते आणि मला त्याचा भयंकर तोरा होता. धाकूकाकाने मला उचलून ओट्यावर उभं केलं. हा धाकूकाका म्हणजे पाड्याचा पुढारी. शब्द तोडून बोलणारा, टोमणा मारल्याशिवाय पाणीही न पिणारा. मी खणखणीत वाचलं : ‘ज्या प्लॉटवर एप्रिलअखेर वस्ती आढळणार नाही, तो प्लॉट सरकारजमा समजण्यात येईल.’

 मग धाकूकाका म्हणाला, “वस्ती म्हंजे काय पन, बाय?”

मला एकच वस्ती माहीत होती. अलिबागहून येणारी सर्व्हिस मोटार संध्याकाळी आमच्या नाक्यावर पोहोचायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच मुक्काम करायचे आणि सकाळी मोटार परत जायची. तिला सगळा मुलूख वस्तीची मोटार म्हणायचा. मी म्हणाले, “मोटार करते ती. रात्रभर ऱ्हायाचं आन् सकाली निघायचं.”

माणसांचे खांदे खाली आलेले मला अजून दिसतात. एक रात्र ना? मग काय मोठंसं. धाकूकाका म्हणाला, सरकारला पन आपल्या लग्नाच्या वऱ्हाडावानी मुक्कामाची हौस आलेली दिसते. तीस तारखेच्या संध्याकाळी सगळ्यांनी लाइनीवर वस्ती करायची असं ठरलं. मी दिवसभर मान ताठ करून हिंडले.

तीस तारखेला दुपारी शाळेत मास्तरांना मी हे ऐटीत सांगितलं. मास्तर आधी हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, अगं, सरकारी कागदात वस्ती म्हणजे घरं. भिंती, छप्पर, माणसं राहती.

शाळेपासून पाड्यापर्यंत मी धावले ती चाल मला पुन्हा कधी जमली नाही.  घरं बांधायला चार दिवस होते, ते माझ्यामुळे गेले. चार दिवसांत कुडाचं एखादं खोपटं तरी कोणी उभं केलं असतं. आता प्लॉट जाणार, विहीर जाणार, बायका पुन्हा दोन मैल चालणार आणि प्रत्येक जण हंडा उतरवताना माझं नाव घेणार. पाड्यावर पोहोचले तर वरात निघालीच होती. डोक्यांवर वळकट्या, काखेत पोरं, टोपल्यांत कोंबड्या, कोणाची खाट, कोणाचा पाटा-वरवंटा. एका म्हातारीने तुळस उपटून मातीसकट पदरात घेतली होती. आमच्या पुढे बाबा, हातात त्यांचं जुनं फावडं.

मी आईचा पदर ओढला. “आये, ती वस्ती तशी न्हाय...”

आईने माझ्याकडे पाहिलं. “हंडा उचल,” ती म्हणाली.

“पन मास्तर म्हनतात...”

“हंडा उचल, बाय. सांज व्हायला आली.”

मी हंडा उचलला.

त्या संध्याकाळी मी जेवढी घाबरले होते, तेवढीच ती संध्याकाळ सुंदर होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला तेव्हा कळलं. ओहोटी लागलेली, चिखल तांबूस चमकत होता. राख दिवसभर तापलेली, पायाला ऊबदार. बाबा प्लॉटा-प्लॉटांतून हिंडत सांगत होते, इथे दगडाचे डबे लागायचे, इथे सांधेवाला उभा राहायचा, तुझी खाट बरोबर रुळावर आली आहे, पाय आखडून झोप. खडीतले तीन-तीन दगड मांडून एकोणतीस चुली पेटल्या. बाबांनी फावड्यावर निखारे घेऊन चुलीचुलीत नेऊन घातले. पुष्कळ दिवसांनी त्यांचं तोंड काळं झालं होतं. पोरांनी सिलिपाटांच्या ढलप्या आणून जाळल्या, त्यांचा धूर डांबरी आणि दाट. भाजलेल्या बोंबलांना, भाकऱ्यांना, चहाला, सगळ्यांना डांबराचा वास. अजून रस्त्याचं डांबरकाम चाललेलं दिसलं की मला भूक लागते. लोकांना हे सांगायची सोय नाही.

आणि मग आईने ती गोष्ट केली. बाबांना म्हणाली, एक सिलिपाट आणा आणि इथे आडवा टाका. बाबांनी विचारलं, कशाला? ती म्हणाली, दार नको? बाबांनी चारी बाजूंना पाहिलं. भिंती कुठे होत्या? पण ते आईशी वाद घालत नसत. सिलिपाट आणून चुन्याच्या रेघेवर बसवला. आईने तो धुतला, हळद-कुंकू लावलं, समोर राखेवर तांदळाच्या पिठाची चार बोटं ओढली.

एवढ्यात धाकूकाका विस्तव मागायला आला तो सरळ बाजूने.

“भावजी,” आई म्हणाली, “भिंतीतनं कुटं येताय? दारातनं या.”

धाकूकाकाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा उंबऱ्याकडे.  तो मागे गेला, वळसा घालून समोर आला, वहाणा काढल्या, उंबरा ओलांडला आणि म्हणाला, “मोठं घर बांधलंस गो वयनी. वारा बाकी झकास येतो.” परत गेला आणि त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्वतःचा सिलिपाट ओढून आणला. मग सगळ्यांनीच आणले. अंधार पडायच्या आत लाइनीवर एकोणतीस उंबरे होते आणि भिंत एकही नव्हती. आम्हा पोरांना तर खेळच मिळाला. भिंतीतून गेलं की पाठीत धपाटा, दारातून गेलं की गुळाचा खडा. ह्या घरातून त्या घरात, उंबरे उड्या मारून ओलांडत, जात्यावर बसून गरागरा फिरत आम्ही असे दमलो की मी घाबरलेली आहे हेही विसरले.

सकाळी पाहणीला सर्कलसाहेब सायकलवरून आले. तलाठी भाऊसाहेब मागे दप्तर घेऊन. विहिरीवर रहाट वाजत होता, चुली धुरावल्या होत्या, कोंबड्या राख उकरत होत्या. सर्कलसाहेब सायकल धरून उभेच राहिले. 

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“वस्ती हाय, साहेब,” धाकूकाका म्हणाला.

“अहो, घरं कुठायत?”

“घरं कागदावर न्हाईत. बाय, वाच गो.”

कागद माझ्या हातात आला.  मी वाचलं. वस्ती ह्या शब्दाशी आले तेव्हा डोळे मिटून वाचलं. साहेबांनी कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला आणि तलाठ्याकडे पाहिलं. तलाठी खाडीकडे बघत होता. साहेब काही बोलणार इतक्यात आईने आमच्या चुलीपाशी उभी राहून हाक मारली.

“साहेब, उनातनं आलात. पानी घ्या. दारातनं या.”

साहेब चालत आले. उंबऱ्याशी आले.  समोर नुसता लाकडाचा ओंडका होता. त्यांना चार पावलं बाजूने सहज जाता आलं असतं. साहेबांनी खाली पाहिलं. हळद-कुंकू होतं, पिठाची बोटं होती. त्यांनी सायकल तलाठ्याकडे दिली, वाकून बुटांचे बंद सोडले, बूट काढून उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवले आणि आत आले.

आत म्हणते आहे मी. तेव्हापासून ते आतच आहे.

आईने तांब्या दिला. ते पाणी प्यायले आणि त्यांनी पुन्हा तांब्या पुढे केला. “गोडं आहे,” म्हणाले. मग तिथेच खाटेवर बसून दप्तर मागितलं आणि लिहिलं. तलाठ्याने नंतर वाचून दाखवलं, एकच ओळ : ‘समक्ष पाहणी करता वस्ती आढळली.’

पुढची वर्षं कशी गेली ते क्रमाने मला सांगता येणार नाही. ती वासांनी लक्षात आहेत. पहिल्या पावसाळ्यातल्या कारवीच्या कुडांचा ओला हिरवा वास. राखेने घासलेल्या पितळेचा. त्या राखेत माड लागेना. बाबांनी खड्डे खणून बांधावरची माती फावड्याने वाहिली, तेव्हा कुठे तीन जगले. पण भोपळे असे लागले की कौलं दिसेनात. इंजिनाच्या शेडमध्ये शाळा भरू लागली. तिच्या आढ्याला कोळशाचा काळा थर होता आणि पाढे म्हणताना वरून काजळी पडायची, पुस्तकातला पूर्णविराम कुठला आणि काजळी कुठली ते कळायचं नाही. लाइनीवरची पहिली नवरी जात्यावर बसवून वाजतगाजत फिरवली होती. पुढे तेवढं केल्याशिवाय कोणाची हळद उतरेना. आता जातं सिमेंटने बुजवलं आहे, फिरत नाही, पण त्या चौकाला जात्याचा चौक म्हणतात. जातं कुठलं ते कोणी विचारत नाही. वस्तीची गाडीही नाक्यावरून तिथे आली. ड्रायव्हर विहिरीवर अंघोळ करतात.

हे सगळं त्या एका रकान्यापाशी थांबलेल्या पेनातून आलं. आई वाल सोलत होती. मी म्हणाले, “आये, एक सांगायचं राहिलंय. त्या वेळी वस्तीचा अर्थ मी चुकीचा सांगितला होता. मला दुपारीच कळलं होतं.”

“मला सकालीच कलला व्हता,” आई म्हणाली.

 त्या सकाळी लाइनीच्या विहिरीवर तिला तलाठ्याची बायको भेटली होती. तिने सांगितलं होतं, घरं लागतात.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलली असती तर आलं असतं कोन?” तिने एक वाल चिमटीत दाबला, डाळ टपकन टोपात पडली. “घर बांधा म्हनलं असतं तर बसले असते हिशेब करत. रातभर ऱ्हावा म्हनलं तर कोंबड्या घेऊन आले. तू बरोबरच वाचलंस. मला फकस्त दार घालावं लागलं.”

चाळीस वर्षं मी प्रत्येक कागदावरचा प्रत्येक शब्द दोनदा वाचते आहे. कचेरीत त्यावरून माझी चेष्टा होते. त्याचं मूळ इथे होतं, आणि ते मूळ माझ्या आईने चिमटीत धरून काढून टाकलं. मी हसायला लागले. आईही हसायला लागली. गवंड्याने पुन्हा थापी थांबवली.

“मग इथे काय लिहू? केव्हापासून?”

“लिव, त्या सांजेपासून.”

मी साल लिहिलं. कचेरीला सांज चालत नाही.

तेवढ्यात भाऊ विचारायला आला. गवंडी म्हणतो, हा ओंडका उपटून टाकू, त्या जागी काळी लादी बसवू. आई म्हणाली, “उंबरा हाय तिथंच ऱ्हाऊ दे. भिंती त्याच्या बाजूनं उचल.” गवंड्याला ते पटलं नाही, पण आईशी वाद घालणारा माणूस लाइनीवर अजून जन्मायचा आहे. त्याने दोरी त्या सिलिपाटापासून धरली.

ह्या सगळ्यात दुपारची गाडी गेली. संध्याकाळी वालांची उसळ झाली, उघड्या चुलीवर, आणि भावाने पाडलेल्या घराचं लाकूड जाळलं. भाकरीला मात्र डांबराचा वास आला नाही, तेवढं राहिलं. मग वस्तीची गाडी जात्याच्या चौकात येऊन उभी राहिली. ती सकाळपर्यंत निघत नाही.

मी आईच्या खाटेशेजारी अंथरूण टाकलं आणि वस्ती केली.